सतरा नंबरचा माणूस

महाविद्यालयाच्या आवारात सगळे त्यांना ‘थर्मामीटर’ म्हणत, आणि तेही तोंडावर. कुठला हीटर फुकट जळतो, कुठल्या खिडकीतून ऊब पळते, हे शोधून अहवाल द्यायचा, हे त्यांचं काम. हिवाळाभर ते खोल्याखोल्यांत तापमान टिपणारी, काड्यापेटीएवढी यंत्रं लावत फिरत. माणूस नाकासमोर चालणारा. प्राचार्यांच्या खोलीतली उधळपट्टीही त्यांनी मुलाहिजा न ठेवता लिहिली होती. तेव्हापासून त्यांना चहा विचारणारं एकच ठिकाण उरलं, ते म्हणजे सगळ्या खोल्यांना ऊब पुरवणारं बॉयलरघर.

बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. संध्याकाळी घरी जायला पाय निघत नसे, म्हणून दिवसाची टिपणं ते आवारातच कुठेतरी बसून पुरी करत. घरी नेण्यासारखं काम होतं, पण घरी ते कशासाठी न्यायचं, हे त्यांना कळत नसे.

त्यांचा एक हट्ट होता. यंत्रांवर नुसते नंबर असत. कुठला नंबर कुठल्या खोलीचा, ते एका वहीत. सगळे आलेख वाचून झाल्याशिवाय ती वही उघडायची नाही. खोली कळली की मन लाड करायला लागतं, असं ते म्हणत.

त्या दिवशी बॉयलरघरात ते महिन्याभराचे आलेख बघत बसले होते. संध्याकाळी तीन माणसंही नसतील त्या खोलीची ऊब पाचनंतर बंद, असा नियम ठरला होता. सतरा नंबरपाशी ते थांबले.

“हे बघा,” ते बॉयलरवाल्याला म्हणाले. “रोज पाचला रेघ थोडी चढते, सातला उतरते. छोटी खोली आहे, आणि आत एकच माणूस. माणसाची ऊब शंभर वॅटच्या दिव्याएवढी असते.”

“रोज एकटाच?”

“रविवारीसुद्धा. याला घरी वाट बघणारं कोणी नसणार.”

बॉयलरवाला वाकून बघू लागला. “मग राहू द्या की साहेब तेवढी एक खोली चालू. नियम काय, आपणच केलेले. कुठे जाईल बिचारा?”

थर्मामीटरांना पहिल्यांदाच नियम मोडावासा वाटला. कोण असेल तो? भेटावं, शेजारी बसावं, चार गोष्टी बोलाव्यात असंही मनात येऊन गेलं. पेन उघडून ते अपवाद लिहायला लागले. तेवढ्यात रेघेतली एक सपाट जागा दिसली.

“गेल्या आठवड्यात दोन दिवस आलेला नाही. बुधवार, गुरुवार.”

“आजारी असेल.”

बुधवार, गुरुवार. त्या दोन्ही दिवशी ते स्वतः तापाने अंथरुणाला खिळून होते, आणि पाणी द्यायलाही घरात कोणी नव्हतं.

त्यांनी वही उघडली. सतरा नंबर: वाचनालय, तिसरा मजला, कोपऱ्यातली अभ्यासिका. खिडकीपाशी त्यांची नेहमीची खुर्ची होती. यंत्र त्यांनीच तिच्या मागच्या भिंतीवर लावलं होतं आणि विसरून गेले होते.

त्यांना लाज वाटली, आणि मग फार वाईट वाटलं. लिहिलेली अर्धी ओळ त्यांनी सरळ रेघ मारून खोडली.

“मग काय ठरलं?” बॉयलरवाल्याने कप विसळत विचारलं. “चालू ठेवायची ना?”

“बंद करा.”

“आणि तो माणूस?”

थर्मामीटरांनी वही मिटली.

“तो जाईल घरी,” ते म्हणाले.