साळीच्या वाट्याचं पाणी

चूक माझीच होती. लातूरच्या बाजारात सुकटीचा वास आला की बिलोलीजवळचं आमचं तळं आठवतं. त्या दुष्काळी साली मी त्यात झिंगे सोडले होते. पाणी कमी पडलं की आधी साळीच्या भाताला, ही गावाची रीत. तळ्याखाली गंगाबाई मावशींची साळ पोटरीत आली होती, लोंबी बाहेर पडायची होती.

"बापू, एक पाणी सोड की. तुझे झिंगे हैदराबादला जातेत, आम्ही काय खावं?"

"मावशी, पाणी उतरलं तर झिंगे मरतेत," म्हणत मी तळ्याचा दरवाजा उघडला नाही.

साळ करपली. आठवड्याने झिंगेही तापलेल्या पाण्यात मेले. मी फक्त झिंग्यांसाठी रडलो.

मावशींचं शेत तेव्हापासून पडीकच आहे. यंदा गावी गेलो, तेव्हा त्या रेशनचा तांदूळ निवडत होत्या.

"मावशी, ते पाणी तुमचं होतं. मी अडवलं. माफ करा."