अप्पांची पद्मिनी आणि तीनदा उघडलेला ब्रेक

आधीच सांगते... खाली प्रतिसादात कुणी 'वडिलांची माया' वगैरे लिहू नका. डोकं फिरतं माझं. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात वीस वर्षं मशीनची डिझाइन्स करते मी. बोल्ट सैल झाला म्हणजे कुणीतरी तो नीट आवळला नव्हता, एवढंच मला कळतं.

आम्ही बनशंकरीचे. आमची मराठी पिढ्यानपिढ्या बंगळुरातच वाढलेली, मधूनमधून कन्नड येईल, सांभाळून घ्या. घराला लागून वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, शटरचं गॅरेज आहे. आत त्यांची पांढरी पद्मिनी. अप्पा हाडाचे फिटर. गाडीचं सगळं काम स्वतः करायचे. शिकवलं मात्र फक्त थोरल्या भावाला, अण्णाला. मी पाना उचलला की हातातून काढून घ्यायचे. "सरी इल्ला," म्हणायचे. बरोबर नाही. मी मेकॅनिकल इंजिनिअर झाले तरी तेच. काय बरोबर नाही, ते एकदाही सांगितलं नाही.

अप्पा गेल्यावर गाडी पाच-सहा वर्षं धूळ खात पडली. अण्णा जेपीनगरला राहतो, त्याला रस नव्हता. मागच्या वर्षी मी ठरवलं, ही गाडी मीच रस्त्यावर आणणार. प्रेमाने वगैरे नाही हं. रागाने.

इंजिन झालं, वायरिंग झालं, कसला त्रास नाही. मग पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक घेतला. नवे ब्रेक शू, नवा सिलिंडर. ड्रम चढवला, चाक लावलं, बोल्ट मापात आवळले. दुसऱ्या दिवशी शटर उघडलं तर — चाक भिंतीला टेकवलेलं. ब्रेक अख्खा खोललेला. जमिनीवर पेपर पसरून त्यावर एकेक भाग मांडलेला, ज्या क्रमाने काढला त्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे.

आमच्या घरात असे भाग मांडायची सवय दोघांनाच. अप्पांना आणि त्यांच्याकडून शिकलेल्या अण्णाला. शटरची दुसरी किल्लीही अण्णाकडेच.

मी दात-ओठ खात सगळं परत बसवलं. तीन दिवसांनी पुन्हा तेच! मग मात्र फोन लावला.

"लाज नाही वाटत? चोरासारखा येऊन माझं काम खोलतोस?"

"वैजू, स्वल्प हळू बोल. काय झालंय?"

"अप्पा गेले, आता तू सुरू झालास का? सरी इल्ला म्हणायला?"

"अगं, मी सोमवारपासून म्हैसुरात आहे. सासऱ्यांचं ऑपरेशन झालंय..."

"खोटं बोलू नकोस!" मी फोन कट केला.

पुढच्या आठवड्यात अण्णा आला. आईच्या हातात किल्ली ठेवली आणि कॉफीसुद्धा न घेता निघून गेला. माझ्याकडे बघितलंही नाही. मी तरीही कुलूप बदललं. नव्या कुलपाची किल्ली एकच, माझ्या खिशात.

तिसऱ्यांदा सगळं बसवलं तो रविवार होता. दुपारी एकला शटर ओढलं, कुलूप लावलं, जेवायला आत गेले. आई शटरसमोरच पायरीवर बसून अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होती. चाळीस मिनिटांनी येऊन कुलूप उघडलं...

चाक भिंतीला. भाग पेपरवर. ओळीत.

"आई, कोण आलं होतं?"

"कोणी नाही गं. मी इथंच तर आहे." मग आत डोकावली, तिचा चेहरा उतरला. "काहीतरी चुकलं असेल तुझं. ते दाखवतायत."

अंगावर काटा आला होता, खोटं कशाला सांगू. पण हे वाक्य ऐकलं आणि भीती कुठल्या कुठे गेली. चुकलं असेल? बरं! दोन दिवस रजा टाकली. प्रत्येक भाग मोजला. ड्रम, शू, स्प्रिंग, सिलिंडर, एकेक बोल्टचे आटे. ओळखीच्या जुन्या मेकॅनिकला बोलावून त्याच्याकडूनही तपासून घेतलं. एक चूक निघाली नाही. एकही नाही!

तो गेल्यावर मी शटर आतून ओढून घेतलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "अप्पा, चूक कुठाय ती दाखवा! दाखवता येत नसेल तर माझ्या कामाला हात लावायचा नाही!"

काहीच झालं नाही. दिवा लुकलुकला नाही, पाना पडला नाही. मी रडत रडत तेच भाग, त्याच क्रमाने, तसेच परत बसवले.

त्यानंतर तो ब्रेक कुणी खोलला नाही. गाडी आता रोज चालते. होसूर रोडच्या गर्दीतसुद्धा जिथं हवी तिथं थांबते.

नातेवाईक म्हणतात, अप्पांनी तुला वाचवलं. कशापासून? काम बरोबरच होतं! कुणी म्हणतं, झोपेत तूच खोलत असशील. भर दुपारी, ताटावर बसून? मला अजून कारण सापडलेलं नाही, आणि मी शोधायचं सोडलेलंही नाही.

गाडी चालू झाल्यावर पहिल्यांदा तिच्यातून जेपीनगरला गेले. अण्णाने दार उघडलं. मी उंबऱ्यातच माफी मागितली. तो म्हणाला, "चूक निघाली का काही?"

"नाही."

"सरी," म्हणाला, आणि बाजूला होऊन मला आत घेतलं.

अण्णाची माफी मी मागितली. माझी अजून कुणी मागितलेली नाही.