तिसरा कप

इथं मस्कतमध्ये कहव्याचा, म्हणजे वेलची घातलेल्या अरबी कॉफीचा, पेला हलवून परत दिला, की पाहुण्याला पुरे झालं असं समजतात. मला मात्र तो हलवायची भीती वाटते. वेलचीचा वास आला, की मी कोल्हापुरात शेजारच्या खातूनचाचींच्या चुलीपाशी जाऊन बसतो.

सातवीत शाळा सोडलेल्या मला त्यांच्या इथल्या मुलानं, रफिकनंच इकडं काम मिळवून दिलं. त्याचे उपकार मोठे. निघायच्या आदल्या दुपारी मी निरोप घ्यायला गेलतो. आम्ही दोघंच होतो, पण चाचींनी तीन कप चहा ओतला.

"त्यो रफिकचा. रोज ओतते. पितोय की तिकडनं."

मी हसलो. पण बोलता बोलता बघितलं, तर कुणी हात न लावता तो कप अर्धा झाला होता.

"आन् एखाद्या दिवशी भरल्यालाच ऱ्हायला तर, चाची?"

त्यांनी चिमट्यानं निखारे पुढं ओढले. "आसं इचारू ने, लेका."

आता घरी आई रोज माझा कप ओतते, असं बहीण कळवते. म्हणून इथं कुणीही पेला पुढं केला, की मी तो तळापर्यंत पितो. तिकडं आईसमोर कप भरलेला राहायला नको.