आमचा सेंटर

दुखऱ्या सांध्यावर मारायच्या स्प्रेचा वास आला की मला अंबरनाथचं ते सिमेंटचं बास्केटबॉलचं मैदान आणि आमचा सेंटर आठवतो. मांजर्लीहून यायचा, सहा फूट चार इंच. तो बास्केटखाली उभा राहिला की समोरच्यांचे निम्मे शॉट परत यायचे. फायनलपर्यंत आम्ही त्याच्याच जिवावर आलो होतो. त्या दिवशी त्याचा गुडघा टम्म सुजला होता. "कॅप्टन, आज नको रे," तो मला म्हणाला. "अरे खांबा, तुला पळायला कोण सांगतंय? नुसता हात वर करून उभा राहा." सगळे हसले, तोही हसला. अर्धा डबा स्प्रे मीच मारला. शेवटच्या मिनिटाला त्याने उडी मारून त्यांचा शॉट अडवला. तो खाली आला तेव्हा गुडघ्यातून झालेला आवाज मी ऐकला. चेंडू माझ्या हातात होता. मी मागे न बघता पळालो आणि बास्केट केली. आम्ही जिंकलो, तो जन्मभर लंगडला. परवा त्याच्या तेराव्याला त्याच्या बायकोने वाढता वाढता विचारलं, "भावोजी, यांच्या पायाला काय झालं होतं हो? कधी सांगितलंच नाही त्यांनी." मी म्हणालो, "खेळताना पडला, वहिनी." आणि तिने वाढलेला लाडू खाल्ला.