रीतीपुरतं पागोटं

वडील गेले तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. देश स्वतंत्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. धरणगावजवळ आमची कपाशीची जमीन, विहीर आणि छोटंसं घर होतं. मला भाऊ नव्हता. बापाच्या जमिनीत मुलीला तेव्हा काही नसे, म्हणजे मी कुणाच्या खिजगणतीतच नव्हते. जे काही राहायचं ते मायच्या नावावर राहिलं, तरच आम्ही दोघी त्या घरात राहणार होतो.

आमच्याकडे तेराव्याला वारसाला पागोटं बांधतात. ते मामाकडून येतं, चार माणसांसमोर मुलाच्या डोक्यावर चढतं, मग दुखवटा सुटतो. मुलगाच नाही, तर बांधायचं कुणाला? धाकटा काका मायला म्हणाला, "वहिनी, मना पोऱ्याले बांधू. रीतीपुरतं शे." मायने होकाराची मान हलवली. रडून रडून तिच्यात दुसरं काही करायचं त्राणच नव्हतं.

काकाचं पोरगं जेमतेम चार वर्षांचं. धुळ्याच्या मामाने आणलेलं पागोटं त्याच्या नाकापर्यंत घसरलं, समोरचं दिसेना, आणि त्याने भोकाड पसरलं. मायने त्याला ओढून मांडीवर घेतलं, पागोटं वर सारलं आणि तोंडात गुळाचा खडा घातला. पोरगं गप्प झालं. मी शेजारीच बसले होते, आणि मला त्याचा रागच आला होता, कारण त्या तेरा दिवसांत मला कुणी जवळ घेतलं नव्हतं.

पुढे जमिनीवर नाव लावायला तलाठ्याने कोर्टाचा वारसदाखला मागितला. माय मामाला घेऊन जळगावला गेली आणि अर्ज देऊन आली. तिच्या लेखी कोर्ट म्हणजे दाखला देणारं दुकान. काकाने मात्र तिथेच दोन अर्ज दिले. एक, वहिनीने तेराव्याला माझा मुलगा मांडीवर घेतला, म्हणजे दत्तक घेतला, तोच वारस. दुसरा, मुलगा अज्ञान, म्हणजे वयाने लहान आहे, त्याच्या मिळकतीचा कारभार माझ्याकडे द्या.

"मी ते दाखलाच मांगा ना, भाऊ!" माय वकिलाला पुन्हा पुन्हा सांगत होती.

वकील भला माणूस होता. म्हणाला, "अक्का, पूर्वीची गोष्ट वेगळी. आता या कोर्टाचे अधिकार वाढलेत. वारस कोण, दत्तक झालं का, अज्ञानाची मिळकत कुणी सांभाळायची, सगळं इथेच बघतात. तुम्ही एक दार ठोठावलंत, आता आतल्या सगळ्या खोल्या उघडणार." मग त्याने आवाज उतरवला. "मांडीवर घेतलं का असं विचारलं, तर नाही म्हणायचं. बस."

एरवी खोटं बोलायला मायची जीभ रेटत नसे. पण जळगावच्या मोटारीत ती सारखी पुटपुटत होती, "नही, साहेब. नही, साहेब." मीसुद्धा मनात तेच घोकत होते. देवाला मी तेव्हा काय काय कबूल केलं, ते आज सांगायलाही लाज वाटते.

काकाने तेराव्याला जेवून गेलेले साक्षीदार आणले होते. पागोटं बांधलं, मांडीवर बसवलं, गूळ भरवला, एकेकाने पढवल्यासारखं सांगितलं. संताप याचा, की त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. ते पोरगं रडत होतं, एवढंच तेवढं कुणाला आठवेना.

माय पिंजऱ्यात उभी राहिली. काका पोराला कडेवर घेऊन समोरच उभा होता. तिला बघताच पोरगं हसलं आणि "मोठी माय!" म्हणत त्याने हात पुढे केले.

"बाई, या मुलाला तुम्ही मांडीवर घेतलं होतं का?" साहेबांनी विचारलं.

मायने पोराकडे पाहिलं. मी मनात घोकत होते, म्हण, नाही म्हण.

"लिधं, साहेब," ती म्हणाली. "रडी ऱ्हायंतं ते. रडतं पोर कोन नही लेस?"

वकिलाने कपाळाला हात लावला. साहेबांनी 'मांडीवर घेतले' एवढं लिहून घेतलं आणि पुढची साक्ष बोलावली.

निकाल काकाच्या बाजूने लागला. पोरगं दत्तक वारस, त्याच्या मिळकतीचा कारभार काकाकडे. मायचा हयातीपुरता हिस्सा कागदावर राहिला. तो हातात हवा असेल तर वाटणीचा वेगळा दावा लावा, असं वकील म्हणाला. दावा लावायला आमच्याकडे होतं काय? काकाने विहिरीवर आपला माणूस बसवला, स्वयंपाकघराला कुलूप घातलं. मामाने आम्हाला धुळ्याला न्यायला बैलगाडी आणली.

गाडी निघाली तसं ते पोरगं मागून धावत आलं आणि दगडाला ठेचकाळून पालथं पडलं. ओठ फुटला. तिथेच बसून ते मायकडे बघत रडायला लागलं. कोर्टाच्या हुकमाने आता ते तिचंच पोर होतं.

"माय, तो रडी ऱ्हायना," मी म्हणाले.

"दिखस माले," ती म्हणाली, आणि दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून बसली.