इंजिन उघडण्याआधी

माणसाला होणारा प्रत्येक आजार आधी बुलडोझरला होऊन गेलेला असतो आणि बुलडोझरला जो उपाय लागू पडला तोच माणसाला लागू पडतो, असे मनापासून मानणारा इसम अख्ख्या झाशीत एकच होता, आणि तो आमच्या आत्याच्या वाट्याला आला. आत्याचे यजमान म्हणजे आमचे आतोबा. हा शब्द ऐकून पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना हल्ली गंमत वाटते, पण खंडेराव गेटजवळच्या आमच्या घरांत जुनी नाती जुन्या नावांनीच चालत आली आहेत. आतोबांचे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. आतोबा मात्र रेल्वेत न जाता तळी-बंधारे बांधणाऱ्या सरकारी खात्यात मेकॅनिक म्हणून चिकटले, आणि तिथे त्यांच्या हाती हा बुलडोझर आला. चाकांऐवजी लोखंडी साखळ्यांवर चालणारा, पुढे दाराएवढे पाते असलेला आणि तेव्हाच बऱ्यापैकी म्हातारा झालेला. खात्यात नवी यंत्रे आली, साहेब येऊन बदलून गेले, पण आतोबा आणि डोझर यांची ताटातूट करण्याची कुणाची छाती झाली नाही. आत्या त्याला ‘तुमचं ते जनावर’ म्हणायची.

आतोबा घरात मराठी बोलत आणि डोझरशी हिंदी. त्याला मराठी समजत नाही, असे ते अगदी गंभीरपणे सांगत. थंडीच्या दिवसांत तो सहजासहजी दाद देत नसे. मोठे इंजिन सुरू करायला त्याच्या कुशीत पेट्रोलवर चालणारे एक छोटे इंजिन होते. आधी दोरी ओढून ते सुरू करायचे, मग त्याने मोठ्याला फिरवून जागे करायचे. या सगळ्या खटाटोपात बाकीचे मेकॅनिक यंत्राच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. आतोबा मात्र त्याच्या पत्र्यावर हात ठेवून ‘उठिए जी, दिन चढ़ आया’ असे म्हणत. माझ्या थोरल्या भावाला शाळेसाठी उठवताना त्यांनी एवढी अदब कधी दाखवली नाही, तिथे थेट पांघरूण ओढले जाई.

साखळीचा झोल हा तर त्यांचा खास विषय. साखळी फार कसली की तिच्या पिना झिजतात आणि ढिली सोडली की चालता चालता उतरते, म्हणून साखळीवर सरळ काठी आडवी ठेवून मधे किती बोटे झोल राहतो ते बघायचे असते. ही सवय त्यांच्या बोटांत इतकी मुरली होती की घरातली कपडे वाळत घालायची दोरी, सुतळीची खाट, लग्नाच्या मांडवातले तोरण, काहीही ताणलेले दिसले की आतोबा बोटे लावून मोजत. एकदा आत्याने चांगली ताणून बांधलेली दोरी त्यांनी सैल केली आणि तिची धुतलेली नऊवारी अंगणातल्या मातीत लोळली. आत्या दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी चहा घेताना आतोबा मला म्हणाले, “बघ, संसारालाही दोन बोटं झोल लागतो. तुझ्या आत्यानं आज फार कसलं आहे.” आतून आत्याचे हसू ऐकू आले आणि प्रकरण मिटले.

त्यांना कुणाकडे जेवायला बोलावणे हे धाडसाचे काम होते. इंजिनातले तेल दोन बोटांत चोळून, उजेडात धरून, त्यात कण लागतो का ते पाहायची सवय त्यांना होती आणि ती तुपालाही सोडत नसे. एका भटजींच्या घरी श्राद्धाच्या पंगतीत त्यांनी भातावरचे तूप बोटांत चोळले, खिडकीकडे धरले, हुंगले आणि शेजारच्या पानावरच्या गृहस्थांना सांगितले, “ठीक आहे. अजून थोडं चालेल.” यजमानांनी ते ऐकले. पुढल्या वर्षी त्या घरून निमंत्रण आले ते फक्त आत्याला. घरचा चहासुद्धा दुहेरी मलमलीतून गाळला जाई, कारण डिझेल तसेच गाळतात. ती मलमल लक्ष्मी गेटच्या बाजारातून आतोबा स्वतः निवडून आणत आणि दुकानदाराने ‘किसके लिए, बाबूजी?’ असे विचारले की ‘दोनों के लिए’ एवढेच सांगत.

पण त्यांच्या सगळ्या शास्त्राचा पाया म्हणजे एक नियम होता. यंत्र बिघडले की आधी वरवरचे बघायचे. डिझेल आहे का, त्यात पाणी गेले का, हवा येते का, फिल्टर तुंबला का. हे सगळे पाहून होईपर्यंत पान्याला हात लावायचा नाही. इंजिन उघडणे ही अगदी शेवटची गोष्ट, कारण एकदा उघडलेले इंजिन पुन्हा पहिल्यासारखे बसत नाही, अशी त्यांची पक्की श्रद्धा होती. एकदा डोझर काळाकुट्ट धूर ओकू लागला. सगळे म्हणाले, आता पिस्टन गेले, खोला. आतोबांनी त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली, बसून चहा प्यायला, मग वर चढून हवेच्या नळीवरची टोपी काढली आणि आतून मूठभर कडुनिंबाचा वाळका पाला उपसला. धूर थांबला. ही हकिगत ते लग्नामुंजीत इतक्यांदा सांगत की ती सुरू झाली की आम्ही भावंडे पुढचे वाक्य आधीच म्हणत असू. आत्या मात्र दर वेळी नव्याने ऐकल्यासारखी ऐकायची. तिचा या माणसावर, आणि त्याच्या नियमावर, फार विश्वास होता.

हे सगळे हसत हसत सांगते आहे खरी, पण पुढचे सांगताना माझे हसू टिकत नाही.

एका पावसाळ्यात आत्याला जिना चढताना धाप लागू लागली. मग पाय सुजायला लागले. रात्री उताणे झोपले की जीव घाबरायचा, म्हणून ती तक्क्याला टेकून बसून राही. इथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की हृदयाची झडप आखडली आहे, लखनौला न्या, छाती उघडून ती मोकळी करावी लागेल, आणि उशीर करू नका. आतोबांनी ते शांतपणे ऐकून घेतले. घरी आल्यावर ते म्हणाले, “उघडायचं ते शेवटी. आधी बाकीचं बघून होऊ दे.”

आणि त्यांनी बाकीचे बघायला घेतले. हवा कमी पडत असेल म्हणून स्वयंपाकघराची भिंत फोडून खिडकी पाडली. धूर नको म्हणून चूल अंगणात नेली. पाणी उकळून, दुहेरी मलमलीतून गाळून दिले. मोहरीचे तेल बंद झाले, शेंगदाण्याचे आले. मीठ तुटले. पलंगाच्या उशाखाली विटा लागल्या. डॉक्टरांच्या गोळ्या ते घड्याळ लावून देत आणि स्वतःच्या हाताने तिच्या पायांना तेल चोळत. दुर्दैव असे की यातल्या प्रत्येक गोष्टीने तिला चार दिवस खरोखरच बरे वाटायचे. “आज बरं आहे हो, हवा खेळते आहे,” असे ती म्हणाली की आतोबांचा चेहरा काय उजळायचा. मग पुन्हा धाप लागायची, आणि आतोबा पुढची गोष्ट तपासायला घ्यायचे.

माझे वडील म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ. ते दिवाळीत येऊन म्हणाले, “तिकिटं काढतो, लखनौला घेऊन जाऊ.” आतोबा काही बोलण्याआधी आत्याच म्हणाली, “मला नाही छाती कापून घ्यायची. हे सांगतात ना, उघडलेलं पहिल्यासारखं बसत नाही.” तिला भीती वाटत होती, हे उघड दिसत होते. त्या भीतीला धरून राहायला तिच्याजवळ आतोबांचेच वाक्य होते. वडिलांनी आतोबांकडे पाहिले. आतोबा तिच्या पायांकडे बघत म्हणाले, “सूज उतरली आहे थोडी. थंडी जाऊ दे, मग पता लागेल.”

थंडी गेली. होळीनंतर आत्याला बसल्या जागी धाप लागू लागली तेव्हा सगळे मिळून तिला लखनौला घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले की आता शरीरात शस्त्रक्रिया सोसायची ताकद राहिलेली नाही, दिवाळीच्या सुमारास आणले असते तर वाचली असती. त्यांनी ते रागाने सांगितले नाही. रागाने सांगितले असते तर आतोबांना थोडे सोपे गेले असते असे मला वाटते. उन्हाळा लागता लागता आत्या तिथेच गेली. आतोबांना कुणी एका शब्दानेही बोलले नाही. माझे वडील तर त्यांचा हात धरून बसले होते. पण आतोबा त्या दिवसापासून गप्प झाले. दोरीचा झोल मोजेनात, तूप हुंगेनात, पानात पडेल ते खाऊन उठायचे. मला त्या माणसाचा कधीकाळी किती वैताग यायचा, आणि आता तोच वैताग परत यावा म्हणून जीव तुटत होता.

दिवसकार्य झाल्यावर आठवड्याभरातच खात्याची जीप दारात आली. टहरौलीच्या बाजूला बंधाऱ्याचे काम चालले होते, पावसाआधी मधली खिंड बुजवायची होती आणि डोझर अडून बसला होता. आतोबा जीपमध्ये बसले. मी शिकवायचे त्या शाळेला सुट्टी होती आणि त्यांना एकटे सोडायची कुणाची तयारी नव्हती, म्हणून मीही त्यांच्याबरोबर गेले. डोझर चालवणारा रामसेवक हा जुना, आतोबांच्याच वयाचा माणूस. त्याने वाटेत सगळे सांगितले. यंत्र सुरू होते, थोडा वेळ छान चालते, मग दम कोंडल्यासारखे होऊन बंद पडते. थोडे थांबले की परत सुरू होते. आतोबांनी खिडकीबाहेर बघत सगळे ऐकले.

बंधाऱ्यावर पोचल्यावर त्यांनी प्रदक्षिणा घातली नाही, चहाला नको म्हटले आणि रामसेवकला सांगितले, “औज़ार निकालो। इंजन खोलना है।”

रामसेवक त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. “बाबूजी, पैलाँ डीजल तो देख लेव।”

“नहीं। सीधे खोलो।”

दोघांनी मिळून ते इंजिन उघडले. ताडपत्रीच्या सावलीत एक जुनी चादर अंथरली होती, तिच्यावर एकेक भाग काढून मांडला गेला. आतोबा प्रत्येक भाग डिझेलने धूत, फडक्याने पुसत, बोट फिरवून बघत. सगळे ठीकठाक होते. माझ्यासारख्या यंत्रातल्या अडाणी बाईलाही दिसत होते की आत काही बिघडलेले नव्हते. आत्याच्या पायांना तेल चोळताना त्यांचा हात जसा चालायचा तसाच तो आता चालत होता, आणि ते बघवेना म्हणून मी बंधाऱ्याच्या पलीकडे जाऊन आले. दुसरा सगळा दिवस ते परत जोडण्यात गेला. जिथे जे होते तिथे ते बसवले, नट ठरल्या क्रमाने कसले. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे तयार झाले.

रामसेवक सुरू करायला चढणार, तेवढ्यात आतोबांनी त्याला थांबवले. शेजारच्या बाभळीचा एक काटा मोडून घेतला, डिझेलच्या टाकीचे झाकण काढले आणि झाकणातले बारीकसे भोक त्या काट्याने साफ केले. त्या भोकातून टाकीत हवा जाते. ते चिखलाने बुजले की डिझेल हळूहळू येईनासे होते आणि इंजिन गुदमरते. काट्याच्या टोकाला वाळक्या मातीचा कण लागून आला. एवढेच दुखणे होते.

रामसेवकने ते पाहिले आणि त्याला सगळे समजले. हळूच म्हणाला, “बाबूजी, आपखों पैलाँ सें पतो हती?”

आतोबांनी झाकण लावले आणि त्याला चढायची खूण केली. छोटे इंजिन फडफडले, मग मोठे जागे झाले. पहिला धूर काळा आला, मग निवळला. डोझर खिंडीकडे गेला, माती ढकलून परत आला, पुन्हा गेला. आम्ही दोघे ताडपत्रीखाली बसून बघत होतो. नेहमी तो ज्या वेळेला बंद पडायचा ती वेळ टळून गेली. ऊन चढले. डोझर चालतच राहिला.

“जीपमध्येच कळलं होतं मला,” आतोबा म्हणाले. “झाकणच असणार होतं.”

“मग उघडलंत कशाला?”

डोझर पलीकडच्या टोकाला जाऊन वळला तेव्हा ते म्हणाले, “उभ्या जन्मात मी ते कधी उघडलंच नव्हतं ग. उघडून बसवलेलं पहिल्यासारखं चालत नाही, हे मला माझ्या उस्तादनं सांगितलं होतं. मी ते सगळ्यांना सांगत सुटलो. पण बघितलं नव्हतं कधी.”

मी त्यांच्याकडे बघायचे टाळले. डोझर परत आमच्या बाजूला येत होता, पात्यापुढे मातीचा ढीग घेऊन, अगदी नेहमीच्या चालीने.

“चालतं,” आतोबा म्हणाले. “तिला फक्त एवढंच सांगायला हवं होतं, की चालतं. ती माझं ऐकायची.”

मग त्यांनी डोळे पुसले, आणि तिथेच बसून संध्याकाळपर्यंत ते त्याचा आवाज ऐकत राहिले.