दिवस मावळल्यावरचा दंड

दिवस मावळला की काकी पाण्याचा थेंबही घेत नसत. जैन घरातली ही शिस्त त्यांनी हळदीच्या दुकानातही मोडली नाही. समोर कितीही मोठा खरेदीदार बसलेला असो, मावळतीआधी डबा उघडायचा. सांगलीच्या बाजारातले रोजचे भाव वर्तमानपत्रासाठी घ्यायला मी त्यांच्याकडे जात असे. संध्याकाळी गेलो की आधी हातावर भाकरी पडे, भाव नंतर.

माहेर रहिमतपूरचं. नवऱ्यामागे दुकान त्यांनीच चालवलं. बिलावर हळदीची किंमत आणि पोत्याची अनामत वेगवेगळी छापलेली असे. अनामतीवर त्या कर लावत नसत. "पोतं परत आणा, पैसं परत न्या. इकत न्हाई मी पोती." जीएसटीच्या एका अधिकाऱ्याने ती बिलं तपासली आणि काही चूक न काढता परत केली.

काही वर्षांनी नवे साहेब आले. अनामतीवरही कर हवा होता, असं त्यांचं मत पडलं. पण मागचा कर मागण्याची नेहमीची मुदत उलटली होती. व्यापाऱ्याने मुद्दाम माहिती दडवली असेल तरच ती वाढते. साहेबांनी नोटिशीत नेमकं तेच लिहिलं, वर कराएवढा दंड.

नोटीस आल्याबरोबर भरलं तर दंड कमी होतो. काकींचा कर सल्लागार संजू म्हणाला, भरून मोकळ्या व्हा.

"कमी दंड म्हंजे काय रं? थोडी चोर हाय का मी?"

सुनावणीला मी सोबत गेलो. बाहेर बसवून ठेवलं. ऊन कललं तसा काकींनी बाकावरच डबा उघडला. शिपाई धावला. "आवं काकी, हितं जेवू नका!"

"मग साहेबाला सांग, सूर्य धरून ठेव म्हणावं."

आत त्यांनी एक जुनं बिल टेबलावर ठेवलं. "दडवायचं असतं तर छापलं कशाला असतं? तुमच्याच माणसानं बघितलंय हे. दिवस मावळला की मी ताट झाकते, साहेब. तुमी बी झाका."

साहेबांनी झाकलं नाही. दंडाचा आदेश निघाला. काकी अपिलात गेल्या आणि जिंकल्या. निकालात म्हटलं होतं, बाईंनी काही दडवलेलं नाही, तेव्हा वाढीव मुदत लागू नाही. कर आणि दंड दोन्ही रद्द.

संजू पेढे घेऊन आला तेव्हा दुकानात दिवे लागले होते. आणखी एक गोष्ट त्याला सापडली होती. त्याच काळात काकींकडून एकदा जास्तीचा कर भरला गेला होता. परतावा मागायची मुदत गेली होती. "तरी अर्ज टाकू काकी. आत्ता आपली बाजू वर हाय. कायतरी कारण दाखवू."

काकींनी पेढ्यांवर ताटली झाकली.

"सूर्य काय फकस्त साहेबांचाच मावळतो व्हय रं?"

काकी गेल्या वर्षी गेल्या. तो अर्ज कधीच केला गेला नाही. ते पेढे आम्ही काकींसोबत दुसऱ्याच दिवशी सकाळी खाल्ले होते.